बालकांच्या शाळेचा दिनक्रम : रोमच्या चाळींपासून सातपुड्याच्या अंगणापर्यंत

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत मंदिराची बांधणी, पूर्वीच्या धर्मगुरूंचे परिश्रम व धर्मभगिनींची रुग्णसेवा यांचें वर्णन इतरत्र आलेंच आहे. आम्ही वाचकांचें लक्ष निराळ्या विषयाकडे वेधूं इच्छितों. तीन ते सहा वर्षांच्या बालकाचा शाळेंतील दिवस कसा जावा, हा तो विषय होय. महोत्सवाच्या निधींतून बालवाडीसाठीं बाकें, गणवेश व इंग्रजी पुस्तकें घ्यावीं, असा आग्रह कित्येक पालकांनीं धरिला आहे. त्याचा निर्णय होण्यापूर्वीं या शिक्षणाचा इतिहास सर्वांनीं नजरेखालून घालावा, अशी आमची विनंती आहे.

मारिया माँटेसरी यांचा जन्म इटलींत ३१ ऑगस्ट १८७० रोजीं झाला. १८९६ सालीं रोमच्या विद्यापीठांतून त्यांनीं वैद्यकाची पदवी संपादन केली. मंदबुद्धि म्हणून टाकून दिलेल्या मुलांची शुश्रूषा करितां करितां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, हातांस व इंद्रियांस योग्य काम मिळालें असतां बुद्धि जागी होते. पुढें रोमच्या सान लोरेंझो या दरिद्री वस्तींत एका गृहसंस्थेनें जुन्या चाळी दुरुस्त केल्या. आईबाप कामावर गेले म्हणजे मागें राहिलेलीं मुलें जिने व भिंती खराब करीत. तीं एका खोलींत सांभाळावीं, एवढाच मालकांचा हेतु होता. ६ जानेवारी १९०७ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, तें बालगृह उघडलें. जी पद्धति पुढें जगभर पसरली, तिचा आरंभ असा मजुरांच्या मुलांत झाला, हें विसरूं नये.

त्या बालगृहाचा हिवाळ्यांतील दिनक्रम बाईंनीं आपल्या ग्रंथांत दिला आहे. सकाळीं ९ वाजतां मुलें येत, नमस्कार करीत; हातपाय, नखें व केंस स्वच्छ आहेत कीं नाहींत हें पाहिलें जाई. मग एकमेकांस अंगरखे चढविण्यास साह्य करणें, खोलींतील धूळ झाडणें, आणि काल घरीं काय घडलें तें सांगणें असा क्रम असे. प्रार्थनाही त्याच तासांत होई. १० ते ११ बुद्धीचे व इंद्रियांचे पाठ, नंतर अर्धा तास सोपा व्यायाम, ११॥ वाजतां लहानशी प्रार्थना करून भोजन, व १२ ते १ स्वच्छंद खेळ. दुपारीं मोकळ्या हवेंतील खेळ, मातीकाम व चित्रें. शेवटीं गाणीं आणि झाडांची व प्राण्यांची निगा. ४ वाजतां मुलें घरीं जात. पुढें अनुभवानें तासांची ही वांटणी सैल झाली, व सकाळीं सुमारें तीन तास अखंड, स्वतः निवडलेल्या कामांत मुलाला रमूं द्यावें, असा प्रघात पडला.

अभ्यासक्रमाचीं अंगें मुख्यतः चार. पहिलें जीवनव्यवहाराचें : पाणी ओतणें, गुंड्या लावणें, झाडणें, पुसणें. दुसरें इंद्रियशिक्षणाचें : १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत चढत जाणाऱ्या दहा घनांचा मनोरा, तशाच दहा लांब दांड्या, रंगांच्या पाट्या. तिसरें भाषेचें : खरखरीत कागदाचीं अक्षरें बोटांनीं गिरवून मुलें वाचण्यापूर्वीं लिहावयास शिकतात. चौथें गणिताचें : मणी मोजून एकक, दशक व शतक प्रत्यक्ष हातीं धरतात. साधनेंच अशीं योजिलेलीं असतात कीं, चूक झाली तर ती मुलाची मुलालाच दिसावी. शिक्षिकेला छडी उगारण्याचें कारण पडत नाहीं. बाई स्वतः कॅथोलिक होत्या. बार्सिलोना येथें त्यांच्या प्रेरणेनें मुलांनीं गहूं पेरले व द्राक्षवेली लाविल्या, आणि त्या पिकांतून मिस्साबलिदानाची भाकर व द्राक्षारस सिद्ध झाला. उपासनाही मूल हातांनींच शिकतें, हें त्यांनीं दाखविलें.

आमच्या देशांत ही पद्धति रुजविण्याचें श्रेय गिजुभाई बधेका यांचें. त्यांनीं १९२० सालीं भावनगर येथें दक्षिणामूर्ति बालमंदिर स्थापिलें. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ अस्तित्वांत आला. १९३१ सालीं लंडन येथें माँटेसरीबाईंच्या शिक्षिकांसमोर बोलतांना गांधीजींनीं, हें शिक्षण गोरगरिबांच्या लेकरांसही मिळावें, अशी आशा प्रकट केली. स्वतः माँटेसरीबाई १९३९ सालीं अड्यार येथें आल्या व महायुद्ध संपेपर्यंत या देशांतच राहिल्या. ताराबाईंनीं १९४५ सालीं मुंबईचें कार्य मागें ठेवून तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांठलें. तेथें अनुताई वाघ त्यांच्या हाताशीं आल्या. वस्तींतील मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द व कल्पना तेथली. १९५७ सालीं कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत, गेलें. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं तेथें कुरणशाळाही चालली. महागड्या लांकडी साधनांऐवजीं बिया, पानें, शिंपले व खडे आले. दिनक्रमांत प्रथम अंघोळ, नखें काढणें व वेणीफणी यांस स्थान मिळालें. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांसही अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून निराळा झालेल्या या नंदुरबार जिल्ह्यांत, २०११ च्या शिरगणतीप्रमाणें, शेंकडा सुमारें ६९ लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांच्या घरीं ज्या बोली चालतात, त्या शाळेच्या मराठीहून वेगळ्या आहेत. येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. पूर्वीं एका ठिकाणीं बालवाडी आमच्या देखरेखीखालीं असतां आम्ही मुलांना रांगेनें बसवून इंग्रजी कविता घोकवीत होतों. पावरी बोलणारी चार वर्षांची एक मुलगी वर्षभर तोंडांतून शब्द काढीना. ती मंद आहे, असें आम्हीं तिच्या आईस सांगितलेंही. पुढें एके दिवशीं सुपांत ज्वारी व तूर मिसळलेली होती. ती त्या मुलीनें कोणी न सांगतां निवडून वेगळी केली, आणि शेजारच्या मुलास आपल्या बोलींत दाण्यांचीं नांवें सांगूं लागली. मंद ती नव्हती. तिची भाषा न जाणणारे आम्ही होतों. आम्ही तिच्या आईची क्षमा मागितली. परंतु मुलीचें तें वर्ष परत देतां आलें नाहीं.

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. पालकांची इंग्रजीची ओढ आम्हांस कळते. आपल्या लेकरानें ऊंसतोडीला जाऊं नये, हीच त्यामागील तळमळ आहे. परंतु मूल आधीं आपल्या बोलींत बोलतें झालें, म्हणजे मराठी व इंग्रजी त्याला पुढें येतील. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंही आरंभीं घरच्या भाषेचाच पुरस्कार केला आहे. बाकांवर खर्च होणारा पैसा, मुलांची बोली जाणणाऱ्या पाड्यावरील एखाद्या मुलीस शिक्षिकेचें शिक्षण देण्यांत लावावा. साधनें आमच्या शेतांत आहेतच. निर्णयाच्या सभेपूर्वीं प्रत्येक आईनें एक सकाळ बालवाडींत येऊन बसावें, आपलें मूल केव्हां बोलतें व केव्हां गप्प होतें तें पाहावें, आणि मग मत द्यावें. तें मत आम्ही शिरसावंद्य मानूं.