लपणाची खिडकी

शिकाऱ्याच्या लपणाला खिडकी केवढी असावी? नेम धरण्यापुरती. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या भावांनी १९०० च्या सुमारास हीच युक्ती पक्षी न मारता त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी वापरली. हलक्या सांगाड्यावर बैलाचे कातडे, आत कॅमेऱ्यासह माणूस, बाहेर पाहायला फक्त भिंगापुरते भोक! (आतल्या उकाड्याची कल्पनाच केलेली बरी.)

आत अंधार, म्हणून माणूस दिसत नाही. पाठीमागे दुसरी फट राहिली, की उजेडावर त्याची आकृती उठून दिसते. काच बसवली तर तिच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो. समोर सूर्य असला की ती चमकते आणि पक्षी बिचकतो. वर्गाची एकच खिडकी उघडी ठेवून मुलांना मैदानातून आत पाहायला सांगा. मग समोरचे दार उघडा.