आख्यायिका आणि नोंदवही



भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की एक कथा हमखास सांगितली जाते. १९५० साली ब्राझीलमध्ये विश्वचषक स्पर्धा भरली. तीत भारताला प्रवेश मिळाला होता. परंतु आमचे खेळाडू अनवाणी खेळत आणि बुटांवाचून खेळण्यास जागतिक संघटनेची मनाई, म्हणून आम्ही गेलो नाही. कथा मोठी गोड आहे. तीत आपला स्वाभिमान आहे, परक्यांचा अडेलपणा आहे, आणि आपला दोष मात्र कोठेच नाही. अशी कथा कानी पडली की इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवही उघडावी.

नोंदवही काय सांगते? ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला पात्रतेचा एकही सामना न खेळता प्रवेश मिळाला. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी यजमानांनी दाखविली होती. तरीही आमच्या फुटबॉल महासंघाने संघ पाठविला नाही, आणि कारणे दिली ती संघनिवडीवरील मतभेदांची व सरावास वेळ अपुरा असल्याची. त्या काळी आम्हांला ऑलिंपिक हेच सर्वस्व वाटे. विश्वचषकाचे मोल कळलेच नव्हते. बुटांविषयी म्हणाल, तर दोन वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही आमचे कितीतरी खेळाडू अनवाणीच उतरले. तेथे युगोस्लाव्हियाने आमचा १०-१ असा धुव्वा उडविला आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. म्हणजे आम्हांला बूट घालावयास लावले ते पराभवाने!

मग नोंदवही काय आपला पाणउताराच करते? तसे नाही. आख्यायिकेच्या गोंगाटात जे ऐकूच येत नाही, ते ती शांतपणे सांगते. १९४८ साली, स्वातंत्र्याला वर्षही पुरे झाले नव्हते, तेव्हा नागा प्रदेशातील डॉ. टी. आओ यांच्या नेतृत्वाखाली आमचा संघ लंडन ऑलिंपिकला गेला. फ्रान्सविरुद्ध सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली; आमच्या दोन पेनल्टी किक वाया गेल्या; आणि सामना संपता संपता झालेल्या गोलने आम्ही २-१ असे हरलो. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई क्रीडासामने झाले. त्यांच्या अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या एका गोलने इराणला नमवून आम्ही सुवर्णपदक मिळविले.

पुढे आले १९५६ चे मेलबर्न. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत आम्हांला खेळावेच लागले नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र पुढच्या सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला आम्ही ४-२ असे हरविले आणि त्या चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. हे गोमंतकीय कुळातले, मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. पुढे तो सामना आम्ही ४-१ असा गमावला आणि अखेर चौथे आलो. त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल करणारे तिघे होते; त्यांपैकी एक डिसोझा. मुंबईत राहणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

१९६२ साली जाकार्तात आमच्या एका क्रीडाधिकाऱ्यांच्या वक्तव्यामुळे प्रेक्षक भारतावर संतापले होते. बचाव सांभाळणारे जर्नेल सिंग डोक्याला टाके पडलेले असताना आघाडीच्या फळीत खेळले. पी. के. बॅनर्जी यांचा एक व त्यांचा एक, अशा दोन गोलांनी दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून चुनी गोस्वामी यांच्या संघाने दुसऱ्यांदा सुवर्णपदक जिंकले. या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. कर्करोगाने ते आतून पोखरले गेले होते. १९६३ च्या जूनमध्ये ते वारले. आशियाई क्रीडासामन्यांत फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर आम्हांला मिळालेले नाही.

आता खेळाडूंच्या आकड्यांकडे वळू. सुनील छेत्री २००५ मध्ये पाकिस्तानविरुद्ध क्वेट्टा येथे पहिला सामना खेळले व त्यात गोल केला. २०२४ च्या जूनमध्ये कोलकात्यात त्यांनी निरोप घेतला, तेव्हा त्यांच्या नावावर १५१ सामने व ९४ गोल होते. २०२५ मध्ये ते परतले आणि मालदीवविरुद्ध आणखी एक गोल केला. जवळजवळ वीस वर्षांची ती तपश्चर्या आहे. तिच्या शेजारी डिसोझा यांचा हिशेब मांडला तर तो मूठभर भरेल. पण हे दोन आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत. १९५० च्या दशकात राष्ट्रीय संघाच्या वाट्याला सामने येत ते मोजके; दोन मोठ्या स्पर्धांमध्ये वर्षे लोटत. आकडा खेळाडूचे कर्तृत्व सांगतो, तशीच त्याच्या काळाने त्याला दिलेली संधीही सांगतो. यादी वाचताना दोन्ही पाहिले पाहिजे.

आणि संधीचा विचार सुरू झाला की पुन्हा १९५० साल डोळ्यांपुढे येते. मेवालाल, अहमद खान, शैलेन मन्ना हे तेव्हा भर उमेदीत होते. ब्राझीलला गेले असते तर ते कदाचित सपाटून हरले असते. परंतु त्यांच्या नावापुढे विश्वचषकातील सामन्यांची नोंद झाली असती. ती रिकामी जागा त्यांच्या अनवाणी पायांनी ठेवलेली नाही, संघ न पाठविणाऱ्यांच्या निर्णयाने ठेवली आहे. हे आपण मान्य केले, म्हणजे बुटांची कथा आपोआप मागे पडेल, आणि खेळाडूंवर नकळत टाकलेला तो ठपकाही पुसला जाईल.