जुन्या गिटारची साक्ष

एखादी वस्तू 'अस्सल' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? ताम्रपट, नाणी, हस्तलिखिते यांच्या बाबतीत हा प्रश्न इतिहाससंशोधकांना फार पूर्वीपासून पडत आला आहे. इलेक्ट्रिक गिटार हे त्या मानाने अगदी अलीकडचे वाद्य. तरीही १९५० आणि १९६०च्या दशकांत अमेरिकेत घडलेल्या गिटारींना आज पुराणवस्तूंचे मोल आले आहे. त्यांचा एकेक स्क्रू, एकेक बटण मूळचे की मागाहून बसविलेले, याची चिकित्सा करणारे जाणकारही निर्माण झाले आहेत. या चिकित्सेतून पुराव्याविषयी पुष्कळ काही शिकण्यासारखे आहे, म्हणून तिचा परिचय वाचकांना करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

या कथेचा आरंभ कॅलिफोर्नियातील फुलरटन या गावी होतो. तेथे लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत. ते स्वतः गिटारवादक नव्हते. १९५० साली त्यांनी पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडाच्या अंगाची गिटार बाजारात आणली. तिचे 'ब्रॉडकास्टर' हे नाव ग्रेट्श कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्यामुळे बदलावे लागले आणि १९५१ साली ती 'टेलिकास्टर' झाली. मधल्या काळात कारखान्यातील लोक नावाच्या चिकटपट्टीतून 'ब्रॉडकास्टर' हा शब्द कापून टाकीत व उरलेला भाग गिटारीच्या माथ्यावर लावीत. पुढे १९५४ साली 'स्ट्रॅटोकास्टर' आली.

या सर्व रचनेमागे दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी होती. व्हायोलिनची मान अंगाला सरसाने कायमची जोडलेली असते. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी बसविली. स्ट्रॅटोकास्टरमध्ये पिकअप, बटणे आणि तारा हा बहुतेक सारा संसार एका प्लास्टिकच्या तबकडीवर मांडला. बिघडलेला भाग काढावा, नवा बसवावा आणि वादकाने संध्याकाळच्या कार्यक्रमाला जावे, इतके सोपे. म्हणजे भाग बदलता यावेत, म्हणूनच हे वाद्य असे घडविले गेले. आज त्याच वाद्यात एकही भाग बदललेला नसावा अशी संग्राहकांची अपेक्षा असते. साऱ्या चिकित्सेची मेख या विसंगतीत आहे.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारण संस्थेला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यानंतर कामाचा दर्जा उतरला असा वादकांचा समज दृढ झाला आणि विक्रीपूर्वीच्या गिटारींची मागणी वाढत गेली. मागणीबरोबर किंमत वाढली, आणि किमतीबरोबर लबाडीही.

मग वय ठरवायचे कसे? सर्वसामान्य माणूस प्रथम क्रमांक पाहतो. तोच पुरावा सर्वांत दुबळा. मान जेथे जोडलेली असते तेथील धातूच्या पट्टीवर हा क्रमांक असे; चार स्क्रू काढले की पट्टी दुसऱ्या गिटारीवर बसविता येते. शिवाय कारखान्यात या पट्ट्या क्रमाने वापरल्या जात नसत. २०१९ साली लिलावात विकल्या गेलेल्या डेव्हिड गिलमोर यांच्या एका स्ट्रॅटोकास्टरवर ०००१ हा क्रमांक होता, तथापि ती काही सर्वांत प्रथम बनलेली स्ट्रॅटोकास्टर नव्हे.

याहून विश्वसनीय म्हणजे मान उतरविल्यावर तिच्या टोकाशी दिसणारी तारीख. ती पूर्वी पेन्सिलीने लिहीत, १९६२ पासून रबरी शिक्क्याने उमटवू लागले. परंतु ती तारीख मानेची, गिटारीची नव्हे. तयार माना काही काळ पडून राहत आणि मग हाताला येईल त्या अंगाला जोडल्या जात. त्यामुळे मान आणि अंग यांच्या तारखांत थोडे अंतर असणे हे संशयाचे नव्हे, उलट स्वाभाविकतेचे लक्षण होय.

आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखाली पोटेन्शिओमीटर नावाचा भाग असतो. त्याच्या पाठीवर अंक कोरलेले असतात. उदाहरणार्थ ३०४६३२० या आकड्यातील ३०४ ही स्टॅकपोल या उत्पादकाची खूण, ६३ म्हणजे १९६३ साल आणि २० म्हणजे त्या वर्षाचा विसावा आठवडा. यावरून गिटार त्या आठवड्यापूर्वीची नाही एवढेच सिद्ध होते. त्याच वर्षीची आहे असे मात्र नव्हे. सीबीएसच्या काळात १९६६ साली या भागांचा इतका मोठा साठा खरेदी झाला की पुढे काही वर्षे त्याच वर्षाचे भाग नव्या गिटारींत बसत राहिले. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर ही केवळ पूर्वमर्यादा होय, आणि तीदेखील तो भाग मूळचा असेल तरच. ते ठरते डाख पाहून. कारखान्यातील सोल्डरचा डाख एकसंध आणि काळाने मंद पडलेला असतो. पुन्हा तापविलेला डाख वेगळा दिसतो.

रंगाची साक्ष तर फारच बोलकी आहे. फेंडरच्या कारखान्यात रंग देताना लाकडी अंगात बारीक खिळे ठोकीत, म्हणजे ते टेकवून दोन्ही बाजूंनी वाळविता येई. रंग वाळल्यावर खिळे उपटीत. म्हणून मूळ रंगाच्या गिटारीत त्या छिद्रांच्या आत कोरे लाकूड दिसते. आत रंग शिरलेला असेल तर कोणीतरी मागाहून रंग दिला आहे असे समजावे. लाकूडही साक्ष देते. पूर्वी मानेवरील पट्टीसाठी ब्राझीलची शिसवी वापरीत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हळूहळू तिची जागा आपल्या भारतीय शिसवीने घेतली.

गिब्सन कंपनीच्या इतिहासातील एक मौजेची गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. तेथील अभियंते सेथ लव्हर यांनी गुणगुण दूर करणारे 'हमबकर' पिकअप शोधून काढले व १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते १९५९ साली मिळाले. त्यामुळे १९५७ च्या सुमारापासून पिकअपच्या तळाला 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी लावीत. पेटंट मिळाल्यावरही काही वर्षे तीच चिठ्ठी चालू राहिली, आणि पुढे जो क्रमांक छापला तो या पिकअपचा नव्हताच. तो लेस पॉल यांच्या तारा अडकविण्याच्या साधनाच्या पेटंटचा होता! म्हणजे अस्सल वस्तूवरची चिठ्ठी चुकीचे सांगते, आणि बनावट चिठ्ठी छापणे तर कोणालाही शक्य आहे. लेखी मजकूर दिसला की विश्वास टाकणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

तात्पर्य, प्रत्येक भाग केवळ स्वतःविषयी साक्ष देतो. समग्र वाद्याविषयीचा निर्णय अनेक साक्षींच्या मेळातूनच निघतो.

अस्सलपणाच्या या हव्यासाने हानीही झाली आहे. १९५८ ते १९६० मधील छटादार रंगाच्या लेस पॉल गिटारींना अफाट किंमत आली, तेव्हा त्याआधीच्या सोनेरी रंगाच्या कित्येक गिटारी खरवडून त्यांना तसे रूप देण्यात आले. सुटे भाग जास्त पैसे देतात म्हणून धडधाकट गिटारी मोडून विकल्या गेल्या. केवळ तपासणीसाठी जुना डाख वितळविला तरी जो पुरावा पाहायचा तोच नाहीसा होतो.

याउलट दोन गिटारींचा इतिहास पाहावा. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० साली नॅशव्हिल येथे जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या, काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिहींचे उत्तम भाग एकत्र करून 'ब्लॅकी' तयार करविली. संग्राहकांच्या काटेकोर कसोटीला ती उतरणार नाही; तरी २००४ साली ती ९,५९,५०० डॉलरना गेली. गिलमोर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान अनेकदा बदलली, पिकअप बदलले, अंगाला छिद्रे पडली व बुजविली गेली. २०१९ साली तिला ३९,७५,००० डॉलर मिळाले. या दोन्ही वाद्यांतील बदल कोणी लपविले नव्हते. कोणता भाग केव्हा व का बदलला याची नोंद हाच त्यांचा इतिहास बनला.

प्रसिद्ध वादकाचे नाव मागे असल्यामुळेच हे मोल आले, हे उघड आहे. परंतु तत्त्व लहान वाद्यालाही लागू पडते. झिजलेले पडदे बदलणे हा वाद्याचा अपमान नव्हे; वाजविले गेल्याची ती खूण आहे. बदललेला भाग खोटा नसतो. तो मूळचा आहे असे सांगणे हे खोटे असते.

म्हणून आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे की, घरात आजोबांची किंवा काकांची जुनी गिटार असेल, तर ती चकचकीत करण्याची घाई करू नये. दुरुस्ती अवश्य करावी, पण काढलेला भाग फेकून न देता कागदात गुंडाळून पेटीत ठेवावा आणि वर तारीख लिहावी. ज्यांनी ती वाजविली त्यांची आठवण घरातील वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्यावी. लाकूड, तार आणि डाख आपली साक्ष पुष्कळ वर्षे राखून ठेवतील. माणसांच्या आठवणींना तितकी सवड नसते.