लक्षात राहिलेला तास



शनिवारचा शेवटचा तास स्काउट-गाइडचा असायचा, आठवतं? गाठी मारणं, जखमीला झोळीतून नेणं, प्रथमोपचार. खिडकीतून भाईंदरची मिठागरं दिसायची आणि आपलं निम्मं लक्ष तिकडे. ‘याला मार्क नाहीत’ म्हणत मी तर तो तास बुडवायचोच. आज त्याच तासाबद्दल लिहितो आहे.

२ ऑक्टोबर १९५७. दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत कार्यक्रम चालू असताना शामियान्याने पेट घेतला. १४ वर्षांचा स्काउट हरिश्चंद्र मेहरा खांबावर चढला आणि जवळच्या चाकूने त्याने पेटलेलं कापड कापून टाकलं. त्याचे हात भाजले, पण मोठा अनर्थ टळला. मुलांच्या राष्ट्रीय शौर्य पुरस्काराची परंपरा तिथून सुरू झाली.

२६ डिसेंबर २००४ ला फुकेतच्या किनाऱ्यावर इंग्लंडची १० वर्षांची टिली स्मिथ फिरत होती. समुद्राला विचित्र फेस आलेला तिने पाहिला. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवली होती. तिने आईवडिलांना सावध केलं, आणि लाट येण्याआधी किनारा रिकामा झाला.

आणि आपल्या मुंबईत, २२ ऑगस्ट २०१८ ला, परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली. चौघांचा जीव गेला. सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्या १० वर्षांच्या झेन सदावर्तेने घाबरलेल्या शेजाऱ्यांना सुती कापड ओलं करून नाकातोंडावर धरायला लावलं. हे ती तिसरीत शिकली होती. १७ जणांचे प्राण वाचवल्याबद्दल तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओलं कापड धुरातली काजळी अडवतं, विषारी वायू मात्र अडवत नाही. त्यामुळे मिळालेली मिनिटं बाहेर पडायला वापरायची असतात.

तिघांनाही भीती वाटली असेलच. पण काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

मला ठाऊक नव्हतं. मीरा रोडला मी तेराव्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी रात्री इमारतीच्या मीटर रूममधून धूर आला. मी मुलीला उचललं आणि लिफ्टचं बटण दाबत राहिलो. शेजारचा सहावीतला मुलगा म्हणाला, “काका, लिफ्ट नको. वीज गेली तर अडकाल. जिन्याने चला.” तो आमच्या पुढे, भिंतीला हात लावत उतरला. सगळे सुखरूप होतो. खाली आल्यावर विचारलं, तर म्हणाला, “शाळेत शिकवलंय.” त्या रात्री मला बुडवलेले शनिवार आठवले.

आपल्या शाळेच्या दिवसांत भाईंदरमध्ये चार मजल्यांची इमारतही उंच वाटायची. आता मिठागरांच्या कडेपर्यंत टॉवर आले आहेत. म्हणून एक विनंती. मेळाव्याच्या निधीतून शाळेला भेटवस्तू देणार आहोतच. तिच्या जोडीला दरवर्षी एक दिवस अग्निशमन दलाच्या जवानांना बोलावून मुलांकडून सराव करून घेऊ या. मागच्या बाकावर मीही बसेन.

आणि सर, तो तास तुम्ही रिकाम्या बाकांसमोरही शिकवत राहिलात. उशिरा का होईना, त्याबद्दल मनापासून आभार.