बैजिक पृष्ठे व त्यांवरील विचित्र बिंदूंचे निरसन

तीन चलांतील बहुपदी समीकरणाने दर्शविल्या जाणाऱ्या पृष्ठास बैजिक पृष्ठ म्हणतात. अशा पृष्ठावर क्वचित टोक, कडा वा स्वतःलाच छेदणारी रेषा आढळते. तेथील बिंदूंना विचित्र बिंदू म्हणतात. दुहेरी शंकूचा शिरोबिंदू असाच होय. त्याच्या जागी तेथून जाणाऱ्या जनकरेषांच्या दिशांचे वर्तुळ कल्पिल्यास शंकूचे दंडगोलासारखे गुळगुळीत पृष्ठ होते व बाकीचा भाग अबाधित राहतो. अशा क्रियांनी प्रत्येक पृष्ठ निर्दोष करता येते काय, हा मूळ प्रश्न. सदसत् संख्यांच्या बाबतीत हाइन्रिख युंग (१९०८) यांच्या रीतीच्या आधारे रॉबर्ट वॉकर यांनी १९३५ मध्ये पूर्ण सिद्धता दिली. ऑस्कर झारिस्की यांची शुद्ध बैजिक सिद्धता १९३९ मधील आहे.

खरी अडचण निराळीच होती. ज्या संख्याक्षेत्रात १ हा अंक प वेळा (प अविभाज्य) मिळविल्यास बेरीज शून्य होते, तेथे क्ष च्या प-व्या घाताचे अवकलन शून्य येते. श्रीधराचार्यांची वर्ग पूर्ण करण्याची परिचित रीतही, प = २ असता, २ ने भागता येत नसल्याने थांबते; उच्च घातांतही हेच घडते.

ही अडचण पृष्ठांपुरती श्रीराम शंकर अभ्यंकर (१९३०–२०१२) यांनी दूर केली. उज्जैन येथे जन्मलेले अभ्यंकर हे ग्वाल्हेरच्या गणित-प्राध्यापकांचे पुत्र. मुंबईच्या विज्ञानसंस्थेतून १९५१ मध्ये पदवी घेऊन ते हार्व्हर्ड विद्यापीठात झारिस्कींकडे गेले. युंग यांची रीत येथे लागू पडत नाही, हे त्यांना प्रथम आढळले. हा निष्कर्ष नकारात्मक असला, तरी त्यानेच नव्या मार्गाची निकड स्पष्ट केली. मूल्यांकनांच्या आधारे त्यांनी १९५५ च्या प्रबंधात पृष्ठांचा प्रश्न सोडविला व तो १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९६६ मध्ये त्यांनी प हा ५ पेक्षा मोठा असता त्रिमितीय प्रकारांसाठीही निरसन सिद्ध केले. झारिस्कींचेच शिष्य हेईसुके हिरोनाका यांनी १९६४ मध्ये सर्व मितींसाठी सिद्ध केलेले प्रमेय अधिक प्रसिद्ध असले, तरी ते शून्य लक्षणाच्या क्षेत्रांपुरतेच आहे, याचा पुष्कळदा विसर पडतो.

अभ्यंकर १९६३ पासून अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात होते. पुण्याची भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था त्यांनी १९७६ मध्ये स्थापिली. शालेय बीजगणिताच्या सामर्थ्याचा पुरस्कार करणाऱ्या त्यांच्या ऐतिहासिक लेखास १९७८ चे शोव्हने पारितोषिक मिळाले. प = २, ३, ५ या उरलेल्या त्रिमितीय प्रकारांची सिद्धता कॉसार व पिल्टाँ यांनी २००८-०९ मध्ये दिली. चार व त्यांहून अधिक मितींसाठी सर्वमान्य सिद्धता अद्याप उपलब्ध नाही.