पॅनलच्या आतली बिळं आणि आपलं वऱ्हाड

मंडळी, लोहाऱ्यात सोलरचा विषय निघाला की बोलणं सबसिडी आणि बिलावर येऊन थांबतं. ते महत्त्वाचं आहेच. पण उन्हातली ऊर्जा पॅनलच्या आतच वाया का जाते, याचा शोध कसा लागत गेला, तो इतिहासही आपल्या कामाचा आहे. म्हणून आज जरा लांब लिहितो.

१९५२ मध्ये शॉकली आणि रीड यांनी, आणि त्यांच्यापासून वेगळं हॉल यांनी, एक गणित मांडलं. स्फटिकात अणू रांगेनं बसलेले असतात. एखादी जागा रिकामी राहिली किंवा तिथं भलताच अणू बसला, की मोकळा इलेक्ट्रॉन तिथं अडकू शकतो आणि त्याची ऊर्जा वाया जाते. पाटाचं पाणी वावरात पोचायच्या आधीच उंदराच्या बिळात जिरावं, तसं.

आपल्या छपरांवर बहुतेक सिलिकॉनचे पॅनल असतात. दुसरी जात पातळ थराची, उदाहरणार्थ कॅडमियम टेल्युराइड. थर काही मायक्रोमीटरचा, तोही बारीक स्फटिककणांचा. म्हणजे बिळं जास्त. कॅडमियम क्लोराइड लावून तापवलं की वीज वाढते, हे अनुभवानं आधी कळलं. का वाढते, ते हळूहळू उलगडत गेलं.

एक गायब अणू शोधणं प्रयोगशाळेतही सोपं नाही. इथं कॉम्प्युटर कामी आला. वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये इलेक्ट्रॉनांचा हिशोब करायची नवी रीत दिली. कोन यांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. त्या रीतीनं शे-दोनशे अणूंची पेटी कॉम्प्युटरवर मांडायची, एक कॅडमियम काढायचा किंवा त्याच्या जागी टेल्युरियम बसवायचा, आणि पाहायचं: हा दोष किती सहज तयार होतो? इलेक्ट्रॉन अडकवतो का?

अशा हिशोबाला तगडं यंत्र लागतं. अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर देताना हात आखडता घेतला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर, आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. आज त्याच घराण्यातला 'परम ब्रह्म' पुण्याच्या आयसरमध्ये आहे, आणि सौरऊर्जेच्या संशोधनासाठी आयआयटी मुंबईत २०१० पासून राष्ट्रीय केंद्र आहे.

आता माझा मुद्दा. कापूस आपण पिकवला, कापड विकत घेतलं. उन्हाचंही तेच होणार का? जमीन आपली, ऊन आपलं, पॅनल आणि त्यामागचं ज्ञान बाहेरचं? पॅनलचा कारखाना काढायला भांडवल लागतं, मान्य. पण दोषांचा हिशोब करायला लागतं ते गणित, शिकवणारा माणूस आणि मोठ्या यंत्रापर्यंत पोचणारं इंटरनेट. क्वांटम एस्प्रेसोसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नुसत्या हिशोबानं भागत नाही, हेही खरं. जुन्या सोप्या रीती काही आकडे चुकवतात, म्हणून प्रयोगाशी ताडून पाहावंच लागतं. तरी सुरुवात यवतमाळच्या कॉलेजातून होऊ शकते.

तेव्हा पुढच्या वेळी आमदार-खासदार भेटले की रस्ता-नालीसोबत हेही विचारा: सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या सुपरकॉम्प्युटरवर आपल्या जिल्ह्यातल्या एमएस्सीच्या पोरापोरींना वेळ कधी मिळणार?