मस्टर कोणी वाचायचं?

आपल्या गटाच्या बैठकीत सचिव हिशोब मोठ्यानं वाचते. बचत किती जमली, कर्ज कोणाकडे किती राहिलं. ऐकता ऐकता प्रत्येकजण आपला आकडा मनात जुळवते. गावाच्या पैशाचा हिशोब असाच वाचायला लावणाऱ्या माणसांची ही गोष्ट आहे, राजस्थानातली.

तिथं बायामाणसं दुष्काळी कामांवर खपायची, आपण रोजगार हमीवर जातो तशी. सरकारनं ठरवलेली मजुरी मात्र पुरती हातात पडत नसे. विचारलं की म्हणायचे, मस्टरवर काम तेवढंच भरलंय. मग मस्टर दाखवा! तर ते म्हणे सरकारी गुपित. आता खडी आम्ही फोडली, तर त्यात गुपित कसलं?

१९९० साली अरुणा रॉय आणि त्यांच्या साथीदारांनी गावकऱ्यांसोबत मजदूर किसान शक्ती संघटना उभी केली. २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई भरली. खटपट करून मिळवलेले कागद सगळ्यांसमोर वाचले गेले. कामावर कधी न गेलेल्यांची नावं मस्टरवर निघाली. सही न येणारी बाईसुद्धा तिथं साक्ष देऊ शकत होती, कारण आपण कामावर होतो की नाही हे सांगायला शाळा लागत नाही.

पुढं १९९६ ला ब्यावर शहरात ४० दिवस धरणं झालं. माहितीचा कायदा राजस्थानात २००० ला आला, आपल्या महाराष्ट्रात २००२ ला आणि देशभर २००५ ला.

मग १३ सप्टेंबर २०१९ ला राजस्थान सरकारनं जन सूचना पोर्टल सुरू केलं. रेशन, रोजगार हमी, पेन्शन, सगळं गावनिहाय उघडं. अर्ज नको, साहेबाच्या दारात ताटकळणं नको. पण आम्हाला विचाराल तर नुसत्या पोर्टलनं पंचायतीवर भरवसा बसत नाही. मोबाईल घरात कोणाच्या हातात असतो, ते आपल्याला माहीत आहे. कोट किरानात कागद चारचौघांत वाचला गेला, म्हणून तो खोटा की खरा ते कळलं.

आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्चही २४ एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराजवर येतो. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की दिसतो. शिवाय आपल्या कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची सांगितलेली आहे. त्या सभेत एकीनं मोबाईलवरून एकेक काम वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. गटार झाली असं लिहिलेलं असेल, तर त्या गल्लीतली बाई लगेच सांगेल.